बाई, आकडा खरा आहे

ऑर्विल टोलेफ्सनचा हात कापतो हे अख्ख्या काउंटीला ठाऊक होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. चर्चच्या तळघरात कॉफी देताना बायका त्याचा कप अर्धाच भरायच्या आणि भरताना भलतीकडेच बघायच्या. आमच्या नॉर्थ डकोटातल्या नॉर्वेजियन लोकांची ही तऱ्हाच आहे. तुमचं घर पेटलं असेल तर शेजारी येईल, आधी हवापाण्याचं बोलेल, मग गव्हाचं बोलेल, आणि निघता निघता म्हणेल, "तुमच्या छपराकडं जरा धूर दिसतोय वाटतं. असो, मला काय करायचंय!"

ऑर्विलला ते बरंच होतं. माणसं भीड बाळगत होती. पण टेलिफोनला कुठली आलीय भीड!

रोज सकाळी ऑर्विल अंगणातल्या पाऊस मोजायच्या नळकांड्यात डोकवायचा, बर्फात पट्टी उभी करून बघायचा, आणि मग उतारानं खाली जाऊन पुलाच्या खांबावरच्या मोजपट्टीवर विलो नदीचं पाणी कुठवर आलंय ते वाचायचा. हे काम त्याच्या बापानं हवामान कार्यालयासाठी हौसेनं अंगावर घेतलं होतं. पगार नाही, भत्ता नाही. तरी बापानं एक दिवस चुकवला नाही आणि त्याच्यामागं ऑर्विलनंही नाही. बायकोला मातीत ठेवली त्या दिवशीसुद्धा काळ्या कोटावर गमबूट चढवून तो पुलाखाली उतरला होता. खालच्या अंगाला नदीकाठी किंडबर्ग गाव. त्या गावात पाणी किती चढणार हे वरच्या अंगाच्या ऑर्विलच्या आकड्यावरून कळायचं. म्हणजे काम फुकटचं होतं, पण फालतू नव्हतं.

पूर्वी फोनवर माणूस असायचा. आकडा सांगायचा, थोडं थंडीबद्दल कुरकुरायचं, झालं. मग कार्यालयानं यंत्र बसवलं. फोन लावला की एक गोड आवाजाची बाई विचारायची, पाऊस किती, बर्फ किती, नदी किती; आणि उत्तर फोनची बटणं दाबून द्यायचं. हात धड असेल त्याला काही नाही. पण ऑर्विलचं बोट दोनावर टेकायचं ते दोनदा वाजायचं, पाचावर जायचं ते आठावर घसरायचं. सावरून पुढचं बटण शोधेपर्यंत बाई म्हणायची, "उत्तर मिळालं नाही. आभारी आहोत." आणि फोन बंद. ऑर्विलही बंद फोनला "आभारी आहे" म्हणायचा. संस्कार वाईट असतात, दुसरं काय!

मार्चमध्ये एके दिवशी कार्यालयातून वेंडेलचा फोन आला. वेंडेल भला माणूस, ओक्लाहोमाहून बदलून आलेला.

"ऑर्विल, काल तुमच्याकडे बावीस इंच पाऊस पडला म्हणे. बायबलातल्यासारखी नौका बांधायला घेतली की नाही? प्रत्येक जनावराची जोडी घ्या बरं का."

"दोन... दोन दशांश होता. टिंब सुटलं," ऑर्विल म्हणाला. कान लाल झाले होते.

"चालायचंच. पण हे तिसऱ्यांदा झालं हो. पुढं पुराचे दिवस. त्रास होत असेल तर आपण ते पावसा-नदीचं माप शेजारच्या हार्लनच्या अंगणात हलवू या का? पुलापासून त्याचंही घर जवळच आहे. तुमची काही हरकत?"

"छे, छे! हरकत कसली? चालेल की."

झालं! आता इथं मेख अशी, की आमच्या लोकांत पहिल्या विचारण्याला काही अर्थच नसतो. कॉफी घेणार का म्हटलं की पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदाही नको, तिसऱ्यांदा "अर्धा कप, तुम्ही एवढं म्हणताय म्हणून". तसंच तुमचं काही कुणी मागितलं तर आधी खुशाल न्या म्हणायचं. समोरच्यानं समजून आणखी दोनदा विचारायचं, तेव्हा कुठं तुमच्या मनातलं हळूच बाहेर येणार. वेंडेल बिचारा ओक्लाहोमाचा. त्यानं एकदा विचारलं, होकार आला, त्यानं कागदावर टिपून घेतलं. ऑर्विल रिसीव्हर हातात धरून दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिला. ते आलंच नाही.

हे सगळं स्वयंपाकघरात रोझॅननं ऐकलं. रोझॅन म्हणजे ऑर्विलची सून, डुएनची बायको. शिकागोतल्या पोलिश खाटकाची मुलगी. हसायची ती भिंती हलतील असं, आणि भेटल्या भेटल्या माणसाला मिठी मारायची. लग्नात तिनं ऑर्विलला मिठी मारली तेव्हा तो फाटकाच्या खांबासारखा ताठ उभा राहिला होता. एवढी वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांना बिचकूनच होती. तिला वाटायचं हा म्हातारा दगड आहे. त्याला वाटायचं ही पोरगी पायाला फटाके बांधून फिरते.

"ऑर्विल, तुम्ही त्याला हो का म्हणालात?"

"त्याला उगाच अडचण नको."

"आणि तुम्हाला?"

"हार्लन चांगला माणूस आहे," ऑर्विल म्हणाला आणि गमबूट घालून बाहेर गेला.

रोझॅननं खिडकीतून पाहिलं. म्हातारा त्या पत्र्याच्या नळकांड्याशी उभा होता. त्यात बघायचं काही नव्हतं, सकाळी बघून झालं होतं. तरी तो उभा होता, एक हात दुसऱ्या हातानं घट्ट धरून.

तिनं त्याला आत येऊ दिलं आणि सरळ विषयाला हात घातला. "बटणं मी दाबते. तुम्ही आकडा सांगा."

"तुला गोठ्याची घाई असते सकाळी."

"ऑर्विल!"

"मग ते तुझं होईल गं," तो खालमानेनं म्हणाला. "वाचायचं मी आणि सांगायचं तू. तसं हार्लननंही केलं तर काय बिघडलं?"

एवढं लांब वाक्य मनातलं म्हणून त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल. रोझॅन गप्प बसली, आणि रोझॅन गप्प बसली की समजावं, काहीतरी शिजतंय.

डुएननं आधी एक उपाय करून पाहिला. पातळ प्लायवूडला भोकं पाडून फोनच्या बटणांवर बसवलं, म्हणजे हात फळीवर टेकवून बोट बरोबर भोकात घालता यावं. बोट बरोबर जायला लागलं खरं, पण वेळ लागायचा तेवढा लागायचाच, आणि बाईला दम कुठं? दुसरा आकडा भोकात शिरायच्या आत ती आभार मानून मोकळी. डुएन म्हणाला, "नशीबच खोटं," आणि फळी काढून ठेवली. डुएन बापावरच गेला होता.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात डुएनचा कॉम्प्युटर होता, धान्याचे भाव बघायला घेतलेला. त्याला मोडेमची डबी जोडलेली. संध्याकाळी डुएन एक बटण दाबायचा, मग ती डबी स्वतःच फोन लावायची, टूं टीं टूं, आणि पलीकडच्या कॉम्प्युटरशी खरखरत बोलून भाव आणायची. इंटरनेट वगैरे भानगड अजून आमच्याकडे पोचली नव्हती. रोझॅन बटाटे सोलत होती. टूं टीं टूं ऐकलं आणि तिचा सुरा थांबला.

"डुएन, ही डबी नंबर लावते ते सूर आणि आपण फोनवर दाबतो ते सूर, एकच की!"

"असणारच. नंबर लागतो म्हणजे एकच."

"मग नंबर लागल्यावर ती थांबते कशाला? फोन उचलल्यावरही तिनं सूर वाजवत राहावं."

"पलीकडे बाई असेल तर?"

"तिला काय कळतंय पलीकडे बाई आहे, कॉम्प्युटर आहे की भिंत आहे! सूर वाजव म्हटलं की वाजवेल. अरे, ऑर्विलना वेळ लागतो तो आकडा दाबायला. तो त्यांनी आधीच, निवांत, कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचा. कॉम्प्युटर कुठं आभार मानून पळतोय? सगळं लिहून झालं की डबी फोन लावेल आणि धडाधडा वाजवून टाकेल."

डुएननं तिच्याकडं पाहिलं. सोललेला बटाटा तिच्या हातात तसाच होता. "होईलसं वाटतं," तो म्हणाला. आमच्याकडं याला जल्लोष म्हणतात.

मग रोझॅननं मोडेमचं पुस्तक उघडलं. शाळेत गणिताला घाबरणारी ही बाई, पण हट्टाला पेटली की ऐकत नाही. पुस्तकात असं होतं की नंबराच्या पुढं स्वल्पविराम घातला की डबी क्षणभर गप्प राहते आणि मग पुढचे आकडे वाजवते. दोन घातले की दुप्पट गप्प. म्हणजे बाईचं बोलणं चालू असताना गप्प, तिचा प्रश्न संपला की आकडा. वा! आता खऱ्या कार्यालयावर खोटे आकडे कसे पाठवणार? म्हणून चाचणीला नंबर घेतला ऑर्विलच्या थोरल्या बहिणीचा, किंडबर्गच्या आर्डिस आत्याचा. आणि आत्याला सांगायचं मात्र सगळेच विसरले.

रविवारी चर्चमध्ये आर्डिस आत्यानं ऑर्विलला कोपऱ्यात घेतलं. "मला कुणीतरी फोन करतंय. बोलत नाही, नुसतं टीं टूं करतं. चार वेळा झालं. मी म्हटलं, कोण बोलतंय? तर टीं टूं. मी म्हटलं, कॉफीला या. तर टीं टूं!"

"मग?"

"मग काय, केक करून ठेवला. कोण आलंच नाही. मेल्यांना रीतभातच नाही."

रोझॅन मागच्या बाकावर तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

खऱ्या बाईशी मात्र सोपं गेलं नाही. पहिल्यांदा डबीनं घाई केली. बाईचं स्वागत संपायच्या आत आकडे वाजले आणि पहिला गिळला गेला. दुसऱ्यांदा वेळ जमली, पण मधेच डबीनं फोन आपटला. का, तर पलीकडून दुसऱ्या डबीची खरखर येईना, म्हणून रुसली. पुस्तकात त्याचीही तोड निघाली. ओळीच्या शेवटी एक खूण टाकली की डबी रुसत नाही, लाईन धरून बसते. रोझॅननं घड्याळ घेऊन बाईचा एकेक प्रश्न मोजून कागदावर टिपला, स्वल्पविराम वाढवले, कमी केले, स्वयंपाक दोनदा करपवला. डुएननं करपलेलंही खाल्लं आणि त्याच फळीचा लांब भाऊ कापून कीबोर्डवर बसवला. फक्त आकड्यांना, टिंबाला आणि एंटरला भोकं.

पहिल्या दिवशी ऑर्विल खुर्चीत बसला तो परीक्षेला बसल्यासारखा. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, पाऊस? आणि खाली एक चौकोन लुकलुकत राहिला.

"घाई नाही ना त्याला?"

"डबा आहे तो. उद्या सकाळपर्यंत लुकलुकेल."

ऑर्विलनं मनगट फळीवर टेकवलं. बोट हललं, थांबलं, भोकात गेलं. चुकलं तर पुसलं, परत घातलं. कुणी आभार मानले नाहीत, कुणी फोन ठेवला नाही, कुणी दुसरीकडं बघितलं नाही. बर्फ. नदी. एंटर. डबीनं नंबर लावला. डबीतल्या भोंग्यातून बाई बोलली, डबी गप्प राहिली. बाईनं विचारलं, डबी वाजली. शेवटी बाईनं सगळे आकडे वाचून दाखवले, एकूण एक बरोबर, आणि म्हणाली, "नोंद स्वीकारली. आभारी आहोत."

"आभारी आहे," ऑर्विल म्हणाला. मग उठून बाहेर गेला. अंगणात उभं राहून त्यानं नाक शिंकरलं, आणि या पोरीच्या डोक्याचं त्याला इतकं नवल वाटलं की तो काही वेळ तिथंच हसत उभा राहिला. एकटा. कुणी बघत नाही ना, हे बघून.

रोझॅननं तोवर वेंडेलला फोन लावला होता. "माप इथून हलवायचं नाही. म्हाताऱ्याला ते द्यायचं नव्हतं कधीच."

"पण ते तर चालेल म्हणाले!"

"ते नॉर्वेजियन आहेत. ते मरतानाही चालेलच म्हणतील."

वेंडेल हसला, पण कामाचं बोलला. एप्रिल हा पुराचा महिना. एप्रिलभर नोंद न चुकता आली तर माप तिथंच. चुकली, तर हार्लन. गावाचा प्रश्न आहे, भिडेचा नाही. रोझॅननं ते जसंच्या तसं ऑर्विलला सांगितलं. "रास्त आहे," ऑर्विल म्हणाला.

एप्रिलच्या मध्यात बर्फावर पाऊस पडला. याहून वाईट काही नसतं. वरून पाणी, खालून वितळलेलं पाणी, आणि नदीत बर्फाच्या लाद्या अडकलेल्या. डुएन, रोझॅन, हार्लन, ज्याची ज्याची पाठ धड होती तो प्रत्येक जण वाळूच्या गोण्या रचायला किंडबर्गला गेला. आर्डिस आत्याचं घर तर नदीला लागूनच. तिकडचा रस्ता मागून पाण्यात गेला. सकाळी घरात ऑर्विल एकटा होता.

तो पुलाखाली उतरला. खांबावर त्याच्या बापानं आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या पुराची लाल खूण केली होती. ती खूण दिसेना. ऑर्विलनं नीट पाहिलं. खूण पाण्याखाली होती, फूटभर, आणि पाणी अजून चढत होतं. त्याला बापाची नाही, आर्डिसची आठवण झाली.

घरी येऊन ओल्या कपड्यांनिशीच तो खुर्चीत बसला. पाऊस, बर्फ, नदी. एंटर. बाईनं आकडे वाचून दाखवले. सगळे बरोबर. आणि मग आजवर कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली. "नदीचा आकडा नेहमीपेक्षा फार मोठा आहे. बरोबर असल्यास एक दाबा. चुकला असल्यास दोन दाबा."

डबीकडचं सगळं वाजवून झालं होतं. ती लाईन धरून गप्प बसली.

"बरोबर आहे!" ऑर्विल डबीवर ओरडला. "अहो बाई, बरोबर आहे! आत्ता बघून आलो मी!"

"उत्तर मिळालं नाही. नोंद रद्द झाली. आभारी आहोत."

"आभारी..." ऑर्विल म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं शिवी दिली.

बाईचंही चुकलं नव्हतं. बावीस इंच पाऊस पाठवणारे लोक जगात असतात, म्हणून कुणीतरी शहाण्यानं हा प्रश्न घातला होता. ऑर्विलनं पुन्हा पाठवलं. या वेळी भिंतीवरचा फोन काढून तयार बसला. बाईनं विचारल्याबरोबर बोट एकावर मारलं. बोटानं एक दाबला, लगेच दोनही दाबला. "नोंद रद्द झाली." त्यानं कार्यालयाचा माणसांचा नंबर लावायचा प्रयत्न केला. तीनदा चुकला, चौथ्यांदा लागला, तर एंगेज. असणारच, आज सगळी काउंटी तिथंच फोन करत होती. खाली किंडबर्गमध्ये बांध किती उंच करायचा हे कालच्या आकड्यावर ठरलं होतं, आणि कालचा आकडा आज थट्टेसारखा होता.

ऑर्विल टेबलाशी बसला. हार्लन असता तर त्यानं एक दाबला असता, असं त्याच्या मनात आलं. हार्लनच्या अंगणात माप असतं तर आर्डिसला एव्हाना कळलं असतं. भिडेखातर नव्हे, हट्टापायी आपण गाव बुडवतोय की काय? तो विचार त्यानं दोन घोट गार कॉफीबरोबर गिळला. मग त्यानं मोडेमचं पुस्तक ओढलं.

रोझॅननं त्याला ती ओळ दाखवली होती. त्यानंच विचारलं होतं एकदा, हळूच, कॉफीचं विचारावं तसं. आधी हुकमाची चार अक्षरं, मग नंबर, मग स्वल्पविराम, आकडा, स्वल्पविराम, आकडा. तिनं भरून ठेवलेल्या ओळीत शेवटचा एक नव्हता. ती ओळ बदलायची कशी हे त्याला ठाऊक नव्हतं. पण डबीला थेट हुकूम देता येतो, अख्खी ओळ आपण स्वतः लिहून, हे पुस्तकात होतं.

फळीला अक्षरांची भोकंच नव्हती. ऑर्विलनं फळी काढून बाजूला ठेवली. उघड्या कीबोर्डवर त्याचा हात म्हणजे निसरड्यावरचं कोकरू. त्यानं पेन्सिल मुठीत उलटी धरली, ती मूठ दुसऱ्या मुठीत धरली, दोन्ही कोपरं टेबलात रोवली, आणि पहिलं अक्षर दाबलं. बरोबर. दुसरं चुकलं. पुसलं. पुन्हा चुकलं. पुसलं. बाहेर छपरावरून पाणी कोसळत होतं. पडद्यावरचा चौकोन लुकलुकत होता, जसा पहिल्या दिवशी लुकलुकत होता तसाच. ना कंटाळला, ना वैतागला.

प्रश्नांमधले स्वल्पविराम रोझॅनच्या कागदावरून उतरले. पण शेवटच्या एकाआधी किती घालायचे? ते कागदावर कुठून असणार! ऑर्विलनं डोळे मिटले. बाई आकडे वाचते, मग तो नवा प्रश्न विचारते. तिचं बोलणं त्याच्या कानात पक्कं बसलं होतं. त्यानं ते मनात चालू केलं आणि सोबत जेवणाआधीची नॉर्वेजियन प्रार्थना पुटपुटला, आईनं शिकवलेली, आयुष्यभर त्याच चालीत म्हटलेली. प्रार्थना संपली तरी बाई बोलतच होती. आणखी निम्मी म्हटली, तेव्हा ती थांबली. मग त्यानं एक स्वल्पविराम टाकून डबी किती वेळ गप्प राहते ते प्रार्थनेवर मोजलं, आणि हिशेबानं तेवढे घातले, वर एक जास्तीचा. मग एकचा आकडा. मग ती न रुसण्याची खूण. सगळी ओळ त्यानं ओठ हलवत दोनदा वाचली.

एंटर.

डबीनं नंबर लावला. बाई, डबी, बाई, डबी. बाईनं आकडे वाचले. नेहमीपेक्षा फार मोठा आहे, म्हणाली. बरोबर असल्यास एक दाबा, म्हणाली. चुकला असल्यास दोन दाबा. आणि शांतता. ऑर्विलनं श्वास धरला. शांतता लांबली, त्याला वाटलं संपलं सगळं, आणि तेवढ्यात डबी वाजली. टीं.

"नोंद स्वीकारली. आभारी आहोत."

ऑर्विलनं डोकं टेबलावर टेकलं आणि ढसाढसा रडला. कुणी नव्हतं घरात. पण असतं तरी रडला असता.

थोड्याच वेळात वेंडेलचा फोन आला. रिसीव्हर उचलायचं तेवढं जमत होतं.

"ऑर्विल, हा आकडा! खरंच?"

"लाल खुणेच्या वर फूटभर. आता जास्त असेल."

"देवा! बरं, मी किंडबर्गला कळवतो. आणि ऑर्विल, ते हार्लनचं..."

"नाही," ऑर्विल म्हणाला. त्याला स्वतःलाच दचकायला झालं. "माप इथंच राहील. तू आधी किंडबर्गला फोन कर."

संध्याकाळी रोझॅनचा फोन आला. शाळेच्या इमारतीतून, मागं शंभर माणसांचा गलका. तिचा घसा बसला होता, तरी ती ओरडतच होती.

"सगळे सुखरूप आहेत! आत्या इथं माझ्याशेजारी बसलीय. अहो, दुपारी शेरिफ आला घर खाली करायला, तर ही म्हणते, कशाला उगाच कुणाला त्रास! दुसऱ्यांदा आला, तर म्हणते, आधी जरा कॉफी घ्या. मी रडकुंडीला आले. शेवटी हिनं विचारलं, पाणी येणार म्हणून सांगितलं कुणी? शेरिफ म्हणाला, वरच्या पुलावरचा आकडा आलाय. तर ही म्हणाली, म्हणजे आमच्या ऑर्विलचा? आणि कोट घालून गाडीत जाऊन बसली! आत्ता तिच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर पाणी आहे, ऑर्विल. ओट्यावर!"

ऑर्विलनं रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"पण मला एक सांगा," रोझॅनचा आवाज एकदम खाली आला. "वेंडेल म्हणतो, यंत्रानं शेवटी एक जास्तीचा प्रश्न विचारला असणार. तो तर मी घातलाच नव्हता. मग एक कुणी दाबला?"

"मी लिहिला. सगळी ओळ नव्यानं लिहिली."

"तुम्ही? फळीशिवाय?"

"फळीशिवाय."

पलीकडं नुसता गलका ऐकू येत राहिला.

"वेळ लागला गं फार," ऑर्विल म्हणाला. "पण ते थांबलं माझ्यासाठी. माझ्यासाठी थांबणारं काहीतरी तू केलंस, पोरी. फार मोठं काम केलंस."

आमच्याकडं बापानं पोराला पोटभर शाबासकी दिली तरी ती "वाईट नाही" एवढीच असते. रोझॅनला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं रिसीव्हर छातीशी धरला आणि आर्डिस आत्याला मिठी मारली, आणि आत्यानं, खरं सांगतो, या वेळी नको म्हटलं नाही.